पाहून राहिला

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत दुपारी एक ठरलेला आवाज येतो. शेजारपाजारची मुले सुट्टीआधीची शेवटची शाळा करून परततात आणि दारातूनच दप्तर आत भिरकावतात. धप्प. त्या एका आवाजाने त्यांची सुट्टी सुरू होते. माझी दोन्ही मुले कट्ट्यावर बसून तो आवाज ऐकतात. त्यांच्याकडे भिरकावायला दप्तर नाही.

थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठ. दोघे घरीच शिकतात. ‘पुढे दहावीचं काय?’ याला मला उत्तर देता येते. चौदा वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षेला बसता येते. इंदुरात आणखी एक उत्तर हाताशी असते. ज्या अहिल्याबाईंचे नाव या शहरात उठता-बसता घेतले जाते, त्यांना चौंडीत वडिलांनी, माणकोजी शिंद्यांनी, घरीच लिहा-वाचायला शिकवले होते. त्याच अक्षरओळखीवर पुढे सासरे मल्हारराव मोहिमेवरून सुनेला पत्रे धाडू शकले, तोफा-दारूगोळ्याची कामे तिच्यावर सोपवू शकले. एवढे सांगितले की पाहुणे गप्प होतात. पण शेजारच्या काकू विचारतात, “अगं, मग या लेकरांना सुट्टी कधी असते?” तेव्हा गप्प होण्याची पाळी माझी असते.

मागच्या वर्षी मला वाटले होते की उत्तर सापडले. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरातल्या फराळाला छापील कागदाचा वास लागला तो लागलाच. महाराष्ट्राबाहेर राहून आम्ही तो वास जरा जास्तच जपला. १९१७ चे साहित्य संमेलन इंदुरात भरले, २००१ चेही. सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या आळीतल्या मुलांनी कधीकाळी काढलेले एक हस्तलिखित आहे. मधोमध दोऱ्याचे टाके, मुखपृष्ठावर हळदीने रंगवलेला आकाशकंदील, आत वळणदार अक्षरातल्या कविता, आणि एका पानावर कुणाच्या तरी तेलकट बोटाचा ठसा. ते मुलांपुढे ठेवले आणि म्हटले, आपणही काढू या का असा अंक? दोघांनी एकदमच मान हलवली.

धाकट्याचा किल्ला अंगणात तयार होता. विटा, माती, गोणपाट, वर पेरलेली मोहरी. बुरुजावर ठेवताना मातीच्या मावळ्याचा भाल्याचा हात मोडला. धाकटा रडला नाही, त्याने त्या मावळ्यावर गोष्ट लिहायला घेतली. पहिले वाक्य होते, ‘एक मावळा दरवाजात वाट पाहून राहिला होता.’

मी लाल पेन उचलले.

आमच्या घरातली मराठी अशीच आहे, हिंदीच्या शेजारात वाढलेली. ‘करून राहिला’, ‘बोलून राहिला’ नागपूरकडेही सर्रास ऐकू येते. पण अंकात शुद्धच हवे, या हट्टाने मी ‘पाहून राहिला’ खोडून वर ‘पाहत’ लिहिले. ‘लाईट गुल झाली’ काढून ‘वीज गेली’ केले. मग ऱ्हस्व-दीर्घ, मग अनुस्वार. त्याने कागद घेतला, एकेका लाल खुणेवरून बोट फिरवले, “अकरा” म्हणाला, आणि किल्ल्याकडे निघून गेला. तो अंक झाला नाही. वर्षभर त्याने गणिते सोडवली, मोडी अक्षरांची नक्कल केली, झाडांची नावे पाठ केली. स्वतःच्या मनातली एक ओळ मात्र लिहिली नाही.

ते वर्ष मला फार लांब गेले. रात्री झोपताना तो गोष्टी सांगायचा, अगदी पूर्वीसारख्या. दुसऱ्या दिवशी वही उघडली की ओठ मिटायचे. हळूहळू माझ्या ध्यानात आले ते असे. शाळेतल्या मुलाला मागचा बाक असतो. तिथे चिठ्ठ्या फिरतात, वहीच्या शेवटच्या पानावर बाईंचे चित्र निघते, मित्राच्या कानात अर्धी कविता सांगितली जाते. शिकवणाऱ्याच्या नजरेपलीकडची एक वीतभर जागा त्याला आपोआप मिळते. माझ्या मुलांना ती नव्हती. त्यांची शिक्षिका मी, परीक्षक मी, आणि त्यांचे लिहिलेले वाचणारीही मीच. जेवायला वाढणाऱ्या हातातच लाल पेन. सुट्टी त्यांना कशापासून हवी होती? बहुधा माझ्यापासूनच. म्हणजे माझ्यातल्या बाईंपासून.

पितृपक्षात समोरच्या माळवी घरातल्या मुली भिंतीवर संजा मांडायला लागल्या. शेणाने रेखाटलेल्या आकृत्या, त्यांवर गुलबक्षीच्या पाकळ्या. एके दिवशी चांद-सूरज, एके दिवशी पंखा, कधी आठ पाकळ्यांचे फूल. संध्याकाळी सगळ्याजणी गाणी म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी आकृती. शेवटी मोठा किलाकोट, आणि त्यानंतर सगळी संजा खरवडून पाण्यात. माझी थोरली त्यांच्यात जाऊन मिसळली. तिने काढलेला पंखा वाकडा झाला होता. कुणी दुरुस्त केला नाही, त्याच्यासमोरही गाणे झाले. मी गॅलरीतून बघत होते. सोळा दिवस रोज काहीतरी मांडायचे, चारजणींनी मिळून त्याच्यासमोर गायचे आणि शेवटी पाण्याला देऊन टाकायचे. जपून ठेवण्याची सक्ती नसली की हात किती मोकळे चालतात!

मग आमच्या इंदूरच्या विष्णू चिंचाळकर गुरुजींची आठवण झाली. वाळकी पाने, काटक्या, पिसे, लोकांनी टाकलेल्या वस्तू यांतून ते चित्रे घडवत. अक्षरांच्या आणि अंकांच्या वळणांतही त्यांना चेहरे, पक्षी, माणसे दिसत, आणि ती मुलांना दाखवण्यात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला. वस्तूकडे पुरेसा वेळ बघितले की ती काहीतरी सांगते, हे त्यांच्या कामातून मी समजले होते. समजले होते आणि विसरले होते. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेचे ‘चकमक’ १९८५ पासून निघते. त्यातल्या ‘मेरा पन्ना’मध्ये मुलांचे स्वतःचे लेखन आणि चित्रे असतात. आमच्या घरी ते अंक आहेत. या खेपेला ती पाने मी मुलांना शिकवली नाहीत, नुसती उघडी टाकून ठेवली. आपल्याएवढ्या मुलाने लिहिलेले वाचताना धाकट्याची मान जी खाली गेली ती जेवणाची हाक येईपर्यंत वर आली नाही.

या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी बेसनाच्या लाडवांचा जुना पत्र्याचा डबा घासून ओसरीत ठेवला. म्हटले, लिहावेसे वाटेल ते यात टाका. पाडव्यापर्यंत झाकण मी उघडणार नाही, आणि उघडले तरी हातात पेन घेणार नाही. मुलांना खरे वाटेना. थोरलीने झाकणावर दोरा बांधला आणि गाठ कशी आहे ते लक्षात ठेवले. मी ते पाहिले. गेल्या वर्षीनंतर तो संशय मला मिळायलाच हवा होता.

लिहिण्याविषयी आम्ही बोलेनासे झालो. त्याऐवजी हिंडलो. राजवाड्यासमोर उभे राहून सात मजले मोजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. जिथे दगड संपून लाकूड सुरू होते तिथे काय वाटत असेल, एवढेच विचारले आणि उत्तर मागितले नाही. एका रात्री सराफ्यात गेलो. सराफांची दुकाने मिटत होती आणि त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढत होत्या. भुट्ट्याचा कीस, कुरकुरीत तळलेल्या गराडूवर भुरभुरलेले जीरावन, खव्याच्या जिलबीचा पाक. थोरली खायचे सोडून आवाज गोळा करत होती. घरी आल्यावर कपडेही न बदलता तिने काहीतरी लिहिले आणि डब्यात टाकले. पाडव्याला ते वाचले: ‘सोन्याची दुकानं झोपली की त्यांच्या ओट्यावर जिलबी जागी होते.’ जिलबी झोपेतून उठून आळस देते आणि म्हणून अशी वेडीवाकडी दिसते, असे पुढे होते.

धाकटा पहिले आठ दिवस डब्याकडे फिरकलाही नाही. मी काही म्हटले नाही. न म्हणणे हे या सगळ्यात मला सर्वांत जड गेलेले काम. नवव्या दिवशी किल्ला उभा राहिला. गेल्या वर्षीचा तोच हात मोडलेला मावळा त्याने कपाटातून काढला आणि दरवाजात उभा केला. त्या रात्री अंधारात डब्याचे झाकण वाजले.

पाडव्याला गाठ थोरलीनेच तपासली, थोरलीनेच सोडली. धाकट्याच्या कागदावर ते वाक्य जसेच्या तसे होते, ‘एक मावळा दरवाजात वाट पाहून राहिला होता.’ मी ते पुन:पुन्हा वाचले. ‘वाट पाहत होता’ यात नुसते पाहणे आहे. पाहून राहिला, म्हणजे त्याने पाहिले आणि तो तिथेच राहिला, हात मोडला तरी जागा सोडली नाही. माझ्या लाल पेनाने मागच्या वर्षी पहारेकऱ्याला त्याच्या जागेवरून हलवले होते. ‘लाईट गुल झाली’ही पुन्हा आले होते, शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर. मी पान थोरलीकडे दिले आणि तिने ते अंकासाठी शुद्ध नाही, स्वच्छ उतरवले.

सासूबाईंनी दोरा ओवून टाके घातले. सतरा पानांचा अंक झाला.

भाऊबीजेला माझा भाऊ पुण्याहून आला. ओवाळून झाल्यावर धाकट्याने अंक त्याच्या मांडीवर ठेवला. मामाला यातले आधीचे काहीच ठाऊक नव्हते. तो मोठ्याने वाचू लागला. मावळ्यापर्यंत आला, पान उलटले, मागची बाजू कोरी.

“अरे, कुणाची वाट पाहून राहिला होता तो?” त्याने विचारले.

धाकट्याने अंक परत मागितला आणि पेन्सिल घेऊन अंगणात गेला. दिवेलागण झाली होती, किल्ल्यावरच्या पणत्यांतली एक विझत आली होती. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात आला, पेन्सिल कानावर खोचलेली. माझ्याकडे त्याने फक्त तेल मागितले.