तुलाभार

आमचा नातू दीर्घ तापातून उठताच तुलाभाराचा नवस फेडावा, असा आमचा विचार होता. परंतु आमच्या मंडळींनी थांबविले. "पोराच्या अंगावरचे झडले आहे ते भरून येऊ द्या, देवाला उणे कशाला?"

दोन महिन्यांनी देवळात तुळा टांगली. एका पारड्यात नातू, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. १२ किलोंना पारडी समतोल झाली. दवाखान्यातील स्प्रिंगच्या काट्यानेही आदल्या दिवशी १२ च दाखविले होते. मग दोहोंत भेद कोणता?

स्प्रिंगचा काटा पृथ्वीची ओढ मोजतो, ते वजन. चंद्राची ओढ सुमारे एक षष्ठांश, म्हणून तेथे तोच काटा २ किलो दाखवील. तुळेची दोन्ही पारडी मात्र सारखीच ओढली जातात. तेथेही गूळ १२ किलोच लागेल. तुळेत ताडले जाते ते वस्तुमान, म्हणजे अंगातील द्रव्याचा संचय. स्थळ बदलल्याने तो घटत नाही.

चंद्रावर हलके होणे हा केवळ ओढीचा फरक. तापाने झडणे हा द्रव्याचाच तोटा. मंडळींनी शास्त्राचे पुस्तक कधी उघडले नाही. पण थांबावयाचे कशासाठी, हे त्यांना आमच्याआधी उमगले होते.