गाझीच्या पाण्यापर्यंत

मौद्याच्या पुलावर उभं राहिलं की कन्हानचं पाणी कुठून येतं ते कुणीही सांगेल. ते जातं कुठं, हे मी पहिल्यांदा नकाशावर बोटानं शोधलं तेव्हा सातवीत होतो. आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत शिरते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. ज्या पाण्यात आम्ही पोहायला शिकलो ते शेवटी त्या समुद्राला मिळतं. त्याच समुद्रात, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यापुढे, दोन युद्धांतल्या दोन पाणबुड्या तळाशी आहेत. त्यांतल्या एकीपर्यंत पोचायचं, असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं आणि दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: गाझी.

स्कुबा मी तारकर्लीला शिकलो. तिथल्या प्रशिक्षण संस्थेच्या आठ मीटर खोल टाकीत पहिल्यांदा कान दुखले, नाक दाबून कानातला दाब मोकळा करायला शिकलो, मग समुद्र. पुढचा कोर्स केला आणि 30 मीटरपर्यंतचं कार्ड मिळालं. हौशी डायव्हरची शेवटची हद्द 40 मीटर. ती हद्द का, हे वहीत आकडे मांडल्यावर नीट कळलं. 12 लिटरची टाकी 200 बारला भरली की 2,400 लिटर हवा. पृष्ठभागावर माणूस मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरलं तर ती दोन तास पुरते. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणून 40 मीटरवर तोच श्वास पाचपट हवा खातो आणि टाकी 24 मिनिटांत रिकामी. त्यातले 50 बार परतीसाठी राखून ठेवायचे. शिवाय 30 मीटरच्या खाली नायट्रोजन डोक्यात चढतो. दारू प्यायल्यासारखं होतं आणि आपल्याला काही झालेलं नाही असंच वाटत राहतं. गाझी सुमारे 100 मीटरवर असल्याचं 2024 मध्ये छापून आलं. तिथं साधी हवा चालतच नाही, कारण त्या दाबाखाली तिच्यातला ऑक्सिजनसुद्धा विष होतो. हेलियम मिसळलेलं मिश्रण लागतं, आणि तळावर काही मिनिटं काढली की वर येताना दोरीला धरून टप्प्याटप्प्यानं तासन्‌तास थांबावं लागतं.

वही भरत होती तेव्हा एकदा नदीवर आमच्या ओळखीचे ढीवर काका भेटले. कन्हानला कुणी बुडालं की पोलीस आधी त्यांनाच हाक मारतात. त्यांना सगळं सांगितलं. ते जाळ्याच्या गाठी सोडवत होते, ऐकून हात थांबले. म्हणाले, "आम्ही बुडेल माणूस काढतो तं त्याच्या घरच्याईसाठी. तू कोनासाठी चाल्ला बाप्पा?"

मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न घेऊनच मी विशाखापट्टणमला जाणाऱ्या समता एक्स्प्रेसमध्ये बसलो. नागपूरहून निघालेली गाडी कन्हान ओलांडते आणि परत आमच्याच तालुक्यातून जाते: चाचेर, थारसा, रेवराल. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. पुढे गोंदिया, रायपूर, टिटलागड, रायगडा, आणि घाट उतरून समुद्र.

गाझी बुडाली ती 1971 च्या युद्धात, पण विशाखापट्टणमला युद्ध त्याच्या आधीच येऊन गेलं होतं. 6 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी या बंदरावर बॉम्ब टाकले. 11 फेब्रुवारी 1944 ला आरओ-110 ही जपानी पाणबुडी इथल्या पाण्यात जहाजांच्या एका काफिल्यावर चालून आली, एका मालवाहू जहाजाला टॉर्पेडो मारला, आणि राखणीला असलेल्या जहाजांनी तिला गाठलं. त्यांत दोन ऑस्ट्रेलियन होती आणि तिसरी ‘जमुना’, तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीची. आरओ-110 वरचं कुणीही वाचलं नाही.

गाझीची गोष्ट जास्त लोकांना माहीत आहे, निदान सिनेमामुळे. ती मूळची अमेरिकन पाणबुडी, ‘डायब्लो’. डिसेंबर 1944 मध्ये पाण्यात उतरली आणि 1964 मध्ये पाकिस्तानला मिळाली. 14 नोव्हेंबर 1971 ला तिनं कराची सोडली ती भारताच्या विमानवाहू ‘विक्रांत’ला शोधण्यासाठी. भारतीय नौदलाचे व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांत आधीच अंदमानकडे हलवली होती आणि ‘राजपूत’ नावाच्या जुन्या विनाशिकेला विक्रांत असल्याचं सोंग घ्यायला लावलं होतं. 3 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर पडताना राजपूतनं पाण्यात खळबळ दिसली तिथं खोलपाण्याचे बॉम्ब टाकले. थोड्या वेळानं मोठा स्फोट झाला, शहरात खिडक्यांच्या काचा हादरल्या. आपल्या नौदलाचं म्हणणं, गाझी राजपूतच्या माऱ्यानं बुडाली. पाकिस्तानचं म्हणणं, ती पेरत असलेल्या सुरुंगांपैकीच एक फुटला. सकाळी खबर आणली ती मच्छिमारांनी. तेल आणि तरंगणारं सामान त्यांनी पाहिलं होतं. पाण्यात काय पडलंय ते सगळ्यांत आधी त्यात रोज जाळं टाकणाऱ्यालाच कळतं, इथं काय आणि मौद्याला काय.

गाझीवर नव्वदहून जास्त माणसं होती. कुणीही वाचलं नाही. भारतीय नौदलानं ती जागा त्यांची कबर मानून तशीच ठेवली आहे. हौशी डायव्हरला तिथं परवानगी नाही, आणि मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एका वाक्यात तेच सांगितलं. खरं तर हे मौद्यात बसूनही समजलं असतं. पण किनाऱ्यावर उभं राहून त्या दिशेनं पाहिल्याशिवाय ते माझ्या आत उतरलं नसतं.

रामकृष्ण बीचवर वाळूत ‘कुरसुरा’ उभी आहे. डिसेंबर 1969 मध्ये नौदलात आलेली, 1971 च्या युद्धात असलेली, 2001 मध्ये निवृत्त झालेली आणि पुढच्या वर्षी संग्रहालय झालेली पाणबुडी. लांबी 91 मीटर. गाझी हिच्याहून थोडीशीच मोठी. आत शिरल्यावर मला पहिल्यांदा आकार कळला. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकातून आधी पाय, मग डोकं. टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपायचे बाक, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं. इथं 75 जण महिनोन्‌महिने राहत. मी एका बाकावर हात ठेवला. रेक्झिन थंड होतं. काकांचा प्रश्न तिथं परत आला.

त्याचं एक उत्तर मला माहीत होतं, पण ते फार दूरच्या पाण्यातलं. ‘पर्सियस’ ही ब्रिटिश पाणबुडी 6 डिसेंबर 1941 ला ग्रीसच्या केफालोनिया बेटाजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. 61 जणांपैकी एकटा जॉन केप्स वाचला. त्यानं सांगितलं की अंधारात, चढत्या पाण्यात त्यानं सुटकेचं झाकण उघडलं, जिवंत असलेल्या जखमी सोबत्यांना बाहेर काढलं, पण किनारा गाठला तो त्यानं एकट्यानं. इतक्या खोलातून कुणी येतं का, म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं विश्वास ठेवला नाही. 1985 मध्ये तो गेला. 1997 मध्ये ग्रीक डायव्हर कोस्तास थोक्तारिदिस यांची तुकडी 52 मीटरवर पर्सियसपर्यंत पोचली. झाकण उघडं होतं. केप्सनं सांगितलं होतं तसंच.

ते डायव्हर कुणासाठी गेले होते हे विचारावं लागत नाही. गाझीसाठी तसं जायचं असेल तर तो हक्क आधी कराचीतल्या घरांचा. माझा नाही.

शेवटच्या सकाळी ऋषिकोंड्याला एक साधी डाइव्ह केली. बारा मीटर, पाणी गढूळ हिरवं, चार हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. नांगराच्या दोरीला धरून थांबलो. दोरीवर शेवाळ होतं, हाताला बुळबुळीत लागलं. घड्याळात सेकंद मोजत मी खोल समुद्राच्या बाजूला तोंड करून राहिलो.

परतीच्या गाडीत वही काढली. पहिलं पान फाडलं नाही. मागच्या पानावर नवा हिशेब मांडला: हेलियमचा कोर्स, दोन वर्षं, थंड पाण्याचा सूट, सोबतीला माझ्याहून अनुभवी दोन डायव्हर, पर्सियस, 52 मीटर, बाहेरून पाहायची, आत शिरायचं नाही. रेवराल गेलं तेव्हा पहाट होत होती आणि बांध्यांत पाणी चमकत होतं. काकांना सांगायला आता माझ्याकडे एक नाव होतं.