पडद्यावरचं बोलणं, घरातलं चूप

सिनेमातली माणसं एक चैन करतात, ती एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकून घेतात. ‘दीवार’मधले (१९७५) दोन भाऊ पुलाखाली भेटतात आणि आयुष्याचा सगळा हिशेब समोरासमोर मांडतात. मधे कुणी तोंड घालत नाही. आमच्या वर्ध्याकडच्या घरांत भांडण असं होत नाही. शेताच्या हिश्शाचा राग चहातल्या साखरेवर निघतो आणि पहिलं वाक्य संपायच्या आत ऐकणारा चपला घालून ओट्यावरून उतरलेला असतो. पुढचे चार दिवस नवराबायको पोरामार्फत बोलतात. “तुह्या बापाले सांग, जेवण वाढलं हाय.” बाप तिथंच, हातभर अंतरावर बसलेला असतो.

हे घर पडद्यावर ओळखू आलं ते सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९). गोष्ट विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची. २००६ मध्ये केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत वर्धाही होता, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेजारचा शेतकरी जीव देतो आणि अलकाच्या मनात धास्ती बसते की आपला किसनाही तेच करील. सोनाली कुलकर्णीची अलका ही धास्ती नवऱ्याजवळ बोलत नाही. ती पुरणपोळी करते. पोराला बापाच्या मागावर धाडते. गिरीश कुलकर्णीच्या किसनाच्या डोक्यात मात्र बियाणं, पाणी आणि न आलेला पाऊस. बायकोला अचानक काय झालंय, हे त्याला उमगत नाही. आपण हसतो आणि हसता हसता घशाशी काहीतरी येतं.

अशा सिनेमाचं कौतुक करताना आपण पटकन म्हणतो, ‘न बोलता किती सांगितलं!’ मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. आता प्रश्न पडतो, कुणाला सांगितलं? आपल्याला. किसनाला नाही. अलका दारात उभी राहून त्याच्या वाटेकडे बघते तेव्हा तिचा चेहरा कॅमेऱ्याला दिसतो. किसना तर शेतात असतो.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) पेच याहून उघडा आहे. नातवाचा जीव वाचवायचा तर शस्त्रक्रियेत त्याची दृष्टी जाणार, आणि हे त्या पोराला आधी सांगितलंच पाहिजे असा डॉक्टरांचा आग्रह. सांगायचं कोणी? अरुण नलावडे यांच्या आजोबांच्या ओठांवर ते शब्द येईनात. सगळा सिनेमा त्या एका न निघणाऱ्या वाक्याभोवती फिरतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आवारात डबे सोडून बसलेली गावोगावची माणसं पाहिली की तो आजोबा आठवतो. “डॉक्टर काय म्हनले?” “काई नाई, बरं हाय म्हने.” विचारणाऱ्याला खरं काय ते कळलेलं असतं, सांगणाऱ्यालाही. तरी दोघं पुढं कापसाच्या भावावर येतात.

त्याच सेवाग्रामात गांधीजी सोमवारी मौन पाळायचे. पण ते जाहीर मौन होतं. सगळ्यांना ठाऊक असायचं की आज बापू बोलणार नाहीत, आणि अडलंच तर ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून द्यायचे. आमच्या घरातल्या मौनाला वार नसतो आणि चिठोराही नसतो. समोरच्यानं ते ओळखायचं, असा नुसता अलिखित करार. तो आपल्याला मान्य आहे का, हे कुणी कुणाला विचारलेलं नसतं.

म्हणून चांगला सिनेमा आपल्याला बोलायला शिकवतो असं मला वाटत नाही. तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसायची सोय करतो, अलकाच्या चुलीपाशी आणि किसनाच्या धुऱ्यावरही. खुर्चीत बसून आपण तळमळतो, ‘विचार न बाई त्याले एकदा!’ घरात ही सोय नाही. तिथं आपण एकाच बाजूला बसलेले असतो आणि समोरच्याच्या मनात कॅमेरा शिरत नाही. तेव्हा विचारावंच लागतं, “काऊन चूप हायेस?” उत्तर बहुतेक “काई नाई” असंच येईल. त्यावर उठून जायचं नाही, पुन्हा विचारायचं.