गेमसाठी आहे, असं सांगूनच

गिरगावातल्या आमच्या वाडीत किंवा नातेवाइकांत कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की विचारणा माझ्याकडे येते. माझं डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, मंडळांची पावती पुस्तकं करत दिवसभर मशीनसमोर बसायचं, म्हणून याला यातलं कळतं असं सगळ्यांनी धरून चाललंय. माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: मुलगा अकरावीला गेला ना, चांगल्या कंपनीचा लॅपटॉप घ्या. गेमचं नाव निघालं तर मी विषय दुसरीकडे नेत असे. आता मी तसं सांगत नाही. मुलाला गेम खेळायला हवाय तर गेमसाठीच घ्या, घरात तसं उघड बोला, आणि पैसे बेताचे असतील तर डेस्कटॉप घ्या, सुरुवातीला ग्राफिक्स कार्डाशिवाय. हे मत का पालटलं ते मोकळेपणाने सांगावंसं वाटतं, कारण दहावीचा निकाल लागला की हाच प्रश्न आपल्याकडे घरोघरी निघतो.

जुन्या मताला कारणं होती आणि ती अजूनही हलकी वाटत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत टेबलाएवढी जागा कायमची द्यायची म्हणजे रात्री एका माणसाचं अंथरूण कुठे पडणार हा प्रश्न. लॅपटॉप मिटला की कपाटात जातो. दुसरं कारण मनातल्या धास्तीचं. माझ्या तरुणपणी लालबाग-परळच्या सायबर कॅफेंमध्ये तासाच्या हिशेबाने काउंटर-स्ट्राइक चालायचं, आणि मुलांना शोधत वडील दारात येऊन उभे राहायचे. त्यातले कितीतरी वडील १९८२ च्या गिरणी संपानंतर मिळेल ती नोकरी धरून राहिलेले. त्यांच्या घरात त्या तासाच्या पैशांना किंमत होती. पुढे मोबाइल आला, पबजी आला, २ सप्टेंबर २०२० ला त्याच्यावर बंदी आली, आणि मधल्या काळात रमीच्या अ‍ॅपवर पगार उडवणारी माणसंही आसपास दिसू लागली. हे सगळं डोक्यात एकाच खणात जाऊन पडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. माझ्या डोक्यातली वाटणी त्याच्या थोडी आधी झाली, ती भाच्यामुळे.

बहीण लालबागला दिलेली. चाळीतली खोली, वर पोटमाळा, घरात सासूबाई धरून माणसं पाच. २०२५ च्या मे महिन्यात भाचा दहावी पास झाला. तिची भिशी लागली होती, त्यात नवऱ्याच्या बोनसमधले राखून ठेवलेले घालून पन्नास हजार उभे राहिले. "दादा, अभ्यासासाठी चांगला लॅपटॉप कुठला ते तूच सांग," ती म्हणाली. ती पाणी भरायला उठली तेव्हा भाचा हळूच म्हणाला, "मामा, मला व्हॅलोरंट खेळायचंय. आईला सांगू नकोस, पण ती म्हणते तसल्या लॅपटॉपवर मला पाहिजे तसं नाही खेळता येणार."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट हिशेब केला. अकरावीच्या अभ्यासाला कॉम्प्युटर लागतो किती? क्लासचे व्हिडिओ आणि पीडीएफ, आणि ते तो फोनवरच बघणार. म्हणजे अभ्यासाचं नाव पुढे करून आपण एक सडपातळ, आठ जीबीचा लॅपटॉप घेणार, जो अभ्यासाला गरजेपेक्षा जास्त आणि गेमला कमी. वर्षभरात पोरगा पुन्हा मागायला लागणार आणि आईला वाटणार, एवढे पैसे घालूनही याचं समाधान नाही. असं इतर घरांत झालेलं मी पाहिलं होतं, पण त्याचं मूळ त्या पहिल्या आडपडद्यात असतं हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी बहिणीला सरळ सांगितलं, की याला गेम खेळायचाय आणि मला त्यात वावगं वाटत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तसंच बोला ना. अभ्यासाचं सांगून पैसे कशाला काढायचे?"

एवढं बोलून झाल्यावर निवड सोपी झाली, कारण कशावर खर्च करायचा नाही ते कळलं.

गेमिंग लॅपटॉपचा विचार मी शेवटपर्यंत धरून होतो. पन्नास-पंचावन्न हजारांच्या आसपास तेव्हा मिळत होते ते ४ जीबीच्या आरटीएक्स २०५० किंवा ३०५० चे. पण लॅपटॉपमधला ग्राफिक्सचा भाग बोर्डावर डागलेला असतो, तो पुढे बदलता येत नाही. त्यात ३०५० हे एकच नाव लॅपटॉपवर आणि डेस्कटॉपच्या कार्डावर असलं तरी लॅपटॉपला वीज आणि हवा दोन्ही तोलून मापून मिळते, त्यामुळे कामगिरी सारखी येत नाही. आणि मे महिन्यात मुंबईच्या घामट खोलीत तो गादीवर ठेवून तासन्‌तास खेळला की काय होतं, हे दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बघावं. ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशीनही स्वस्तात मिळतात. अभ्यास, टायपिंगसाठी त्या उत्तम. गेमसाठी अडचण अशी, की त्यातल्या पुष्कळांचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) कंपनीच्या खास मापाचा आणि जेमतेम ताकदीचा असतो, पुढे मोठं कार्ड टाकायचं तर वाट बंद.

खरेदीला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. परळच्या पुलावरून प्रभादेवी, तिथून स्लो गाडीने ग्रँट रोड, मग पूर्वेला थोडं चालणं. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं. जुन्या माणसांना हा रस्ता मिनर्व्हा, अप्सरा, नाझ या थिएटरांचा म्हणून आठवतो, मिनर्व्हाला 'शोले' पाच वर्षं मुक्काम ठोकून होता. मला तो रेझिस्टन्स आणि ट्रान्झिस्टर सुटे विकत घेणाऱ्या इंजिनीअरिंगच्या पोरांचा रस्ता म्हणून जास्त प्रिय आहे. तिथे काउंटरवर कोटेशनचा कागद समोर येतो आणि त्याच कागदावर घासाघीस चालते. भाच्याने घरून यादी करून आणली होती. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, कारण त्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. बी५५० चा बोर्ड, ज्यावर पुढे कार्ड बसेल आणि त्याच एएम४ सॉकेटचा वरचा प्रोसेसरही. १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई, चोवीस इंची मॉनिटर. एका दुकानात गृहस्थ म्हणाले, "साठ करा, कार्डासकट देतो." त्यांनी कागदावर कार्ड लिहिलं आणि ते साठात बसवायला एसएमपीएस उडवला, त्या जागी लिहिलं 'कॅबिनेटबरोबर'.

इथे मात्र मी हटून बसलो. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस ही आपल्याकडच्या स्वस्त गेमिंग मशीनची दुखरी जागा आहे. त्याच्या पेटीवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण तेवढा भार खरोखर आला की तो कसा वागेल याचा भरवसा नसतो, आणि जाताना बोर्ड घेऊन जाऊ शकतो. आम्ही ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा घेतला. आजच्या मशीनला तो जास्तच आहे, तो पुढच्या कार्डासाठी.

दुसरी गोष्ट भाच्याने पकडली, मला सुचली नसती. कोटेशनमध्ये १६ जीबीची एकच स्टिक लिहिली होती. तो म्हणाला, आठ-आठच्या दोन द्या. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधूनच उसनी घेतो. एका स्टिकला एकच वाट, दोन लावल्या की रुंदी दुप्पट. घरी आल्यावर त्याने मला एक स्टिक काढून दाखवली. तोच गेम, तीच सेटिंग, आणि चित्र अडखळायला लागलं. परत बसवली, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं (नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच पळत राहते), आणि व्हॅलोरंट खालच्या सेटिंगवर शंभराच्या वर फ्रेम देऊ लागला. एक पैसा जास्त न घालता मिळालेला हा फरक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. कार्डाशिवाय गेमिंग नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं त्या संध्याकाळी सुटलं.

उणं आहे तेही सांगतो. ५६००जी मध्ये एल३ कॅशे १६ एमबीच आहे, बिगर-ग्राफिक्सच्या ५६०० मध्ये ३२. म्हणजे पुढे दमदार कार्ड बसवलं तर हा थोडा मागे पडणार. नवे मोठे गेम यावर आज चालत नाहीत, किंवा चालवण्यात अर्थ नाही. जीटीए ५ चालतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला 'राजी' त्याने रिझोल्यूशन उतरवून पूर्ण खेळला, आणि आपल्याच राज्यात बसून माणसांनी हा केलाय म्हटल्यावर ब्लेंडर उतरवून घेऊन त्यात काहीबाही घडवायला लागला. ते पुढे टिकेल न टिकेल. मी त्याचा आधार घेऊन गेमचं समर्थन करत नाही. त्याला खेळायला आवडतं, एवढं पुरे.

खरेदीचं बिल घेतलं, १८ टक्के जीएसटीसकट. बिलाशिवाय स्वस्त सांगणारे भेटतात. वॉरंटीला पुढे काय दाखवणार?

घरी मशीन लावली आणि भाच्याने कॅबिनेटला हात लावला तर बोटांना झिणझिण्या. आजी घाबरल्या, म्हणाल्या बंद करा ते आधी. जुन्या चाळींत हे सर्रास असतं. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर असतात, ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग धड असेल तर गळती जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर थांबते आणि माणसाच्या अंगातून वाट काढते. भिंतीतल्या बोर्डाला तिसरं भोक होतं, मागे वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरपासून अर्थिंगची वायर ओढून घेतली. ज्या कुणाला मी आता सल्ला देतो त्याला प्रोसेसरच्या आधी हेच विचारतो: घरात अर्थिंग आहे का? यूपीएसचे पैसे मात्र मी वाचवले. बेस्टच्या हद्दीत वीज इतकी क्वचित जाते, की १२ ऑक्टोबर २०२० चा अंधार लोक अजून तारखेनिशी सांगतात. विजेच्या बिलाचीही बहिणीला भीती होती. ही मशीन खेळताना साधारण शंभर वॅट घेते, तीन तास चालली तर महिन्याला नऊ-दहा युनिट. छताचा पंखा पाऊणशे वॅट घेतो आणि तो रात्रंदिवस फिरतो, हे सांगितल्यावर ती निवांत झाली.

जागेचा प्रश्न शिलाई मशीनच्या टेबलाने सोडवला. मशीन पोटमाळ्यावर गेली, टेबल खिडकीशी राहिलं. आणि जागेबद्दलचं माझं जुनं म्हणणं इथेच पुरतं उलटलं. लॅपटॉप कपाटात जातो हे मला त्याचं मोठेपण वाटायचं. पण लॅपटॉप पोटमाळ्यावरही जातो, चादरीखालीही जातो, आणि मोबाइल तर कुठेही. डेस्कटॉप हलत नाही. तो घराच्या मध्यभागी, सगळ्यांच्या पाठीपुढे. पोरगा काय खेळतो, कुणाशी बोलतो, कधी वैतागतो, हे कुणी पाळत न ठेवताही घराला कळत राहतं. अंथरुणं पडली की खुर्ची उचलावी लागते, खेळ आपोआप थांबतो. आजी भाजी निवडता निवडता विचारतात, "आज जिंकलास की नाही रे?" मोबाइलवर तो खेळायचा तेव्हा त्याच खोलीत असून कुणाचाच नव्हता. छोट्या घरात खेळ उघड्यावर असावा, हे मला आता मनापासून पटलंय, आणि त्यासाठी एका अंथरुणाएवढी जागा गेली तरी जाऊ द्यावी.

लालबागचं म्हणून एक सांगण्यासारखं. उन्हाळ्यात मसाल्याच्या डंकांवर मिरची कांडायला लागली की तो बारीक धुरळा चाळीत येतो. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर लालसर थर धरतो आणि आतला पंखा घुरघुरायला लागतो. त्यामुळे जाळी सुटी निघणारंच कॅबिनेट घ्यावं आणि ती बाहेर गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून झटकावी.

राहिलं कार्ड. आरएक्स ६६०० च्या तोडीचं, आठ जीबीचं, वीस हजारांच्या घरातलं घ्यायचं असं भाच्याने ठरवलंय आणि त्यासाठी तो गणपतीत मंडळाचे बॅनर माझ्याकडे बसून करून देतो, त्याचे पैसे मी त्याला देतो. २०२५ च्या दिवाळीनंतर त्याचा धीर सुटत चालला होता. रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांमुळे चढत गेले, डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल या नावाने ग्राहकांना रॅम विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि कार्डांनाही मेमरी लागतेच. "मामा, आत्ताच हप्त्यावर घेऊन टाकू का, नंतर महाग होईल," तो म्हणाला. या एका बाबतीत माझं मत जुनंच आहे: हप्त्यावर घ्यायचं नाही. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डांचे भाव असेच दुपटीवर गेले होते. माझ्या ओळखीच्या एकाने भीतीपोटी तेव्हा हप्त्यावर कार्ड घेतलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग थांबलं, बाजार मायनिंगच्या जुन्या कार्डांनी भरला, आणि त्याला माझ्यासमोर तसंच कार्ड निम्म्याने मिळत होतं. पुढे भाव कुठे जातील ते मला सांगता येत नाही. पण स्लॉट रिकामा ठेवूनही खेळता येतं अशी मशीन आपण घेतली ती याचसाठी, हे मी त्याला सांगितलं. बहिणीनेही हप्त्याला नाही म्हटलं. भाच्याने व्हॅलोरंटच्या स्किनवर पैसे घालायचे नाहीत असं स्वतःहून कबूल केलं आणि कार्ड पुढच्या गणपतीवर ढकललं.