सारंगधराच्या जिल्ह्यात धनुष्य कोण बनवणार?

सोलापूरकरांनो, पोस्ट जरा मोठी आहे, पण वेळ काढून वाचा.

माझी मुलगी दोन वर्षं तिरंदाजी शिकतेय. सुरुवात बांबूच्या धनुष्यावर झाली. आता तिला रिकर्व्ह हवंय, म्हणजे ज्याची टोकं उलट, लक्ष्याच्या दिशेला वळलेली असतात ते. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर हेच चालतं. चांगल्या स्पर्धेच्या लायकीचा पूर्ण संच लाखाच्या पुढे जातो आणि त्यातलं बरंचसं परदेशातून येतं. फलटणजवळच्या सरडे गावातला, मजुरी करणाऱ्या आईबापांचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण अशी किती पोरं निव्वळ धनुष्यापाशी अडत असतील?

हे धनुष्य आपल्याला परकं नाही. पंढरीच्या विठोबाला आपण सारंगधर म्हणतो. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, म्हणजे शृंगाचं, शिंगाचं. जुनं रिकर्व्ह असंच असायचं. मधे लाकूड किंवा बांबू, नेमबाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी, पुढच्या बाजूला जनावराच्या कंडरांचे धागे, आणि सगळं सरसानं चिकटवलेलं. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसते. म्हणून आखूड धनुष्यही जोरात बाण फेकतं आणि घोड्यावरून वापरता येतं. वाळायलाच कित्येक महिने लागतात, घाई केली की जोड सुटतो.

मग हे गेलं कुठं? आधी बंदुका आल्या. मग १८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्यानं शस्त्रांच्या यादीत धनुष्यबाणही घातले. फौजा आणि दरबार संपले, तसं कमानगरांचं गिऱ्हाईकही संपलं. गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर बापानं पोराला कशाला शिकवावं?

आता आपल्याकडे काय आहे ते बघा. पंढरपुरी म्हैस! माझ्या आजोबांच्या गोठ्यात होत्या, शिंगं खांद्याच्याही मागं जायची. लांब, चपटी, तलवारीसारखी. या कामाला लांब सलग पट्टीच लागते. सरसाच्या जोडाला दमट हवा मारते, आणि आपली हवा कशी आहे ते सांगायला नको. मेलेल्या जनावराचं शिंग आज कुणी विचारत नाही. सुतारकाम जाणणारे हात तर गल्लोगल्ली आहेत.

कोरियात ही म्हैस नाही, तरी ते शिंग बाहेरून आणून पारंपरिक धनुष्य करतात, आणि ते करणाऱ्या कारागिरांना सरकार वारसा म्हणून मान देतं. त्याच देशानं पॅरिसला २०२४ मध्ये तिरंदाजीची पाचही सुवर्णपदकं नेली. तुर्कस्तानची पारंपरिक तिरंदाजी २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

शिंगाच्या धनुष्यानं ऑलिंपिक पदक येईल असं मी म्हणत नाही. तिथे कार्बन-फायबरची पातीच लागतात. कामं दोन आहेत. एक, शाळेतल्या पोरांसाठी बांबूची आणि लाकडी थरांची स्वस्त, दुरुस्त होणारी धनुष्यं इथंच बनवणं. इंडियन राउंडच्या स्पर्धा बांबूच्याच धनुष्यावर होतात, म्हणजे गिऱ्हाईक तयार आहे. दोन, त्याच कारखान्यात एखाद्या चिकाटीच्या कारागिरानं शिंगाचं धनुष्य करून बघणं. आधी दहा बिघडतील. बिघडू द्या, पण त्या दिवसांची मजुरी कुणीतरी द्यायला हवी.

नुसता सत्कार किंवा मानांकन पुरत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? सोलापुरी चादरीला मानांकन मिळालं, तरी माग बंद पडायचे थांबले नाहीत. कला जगते ती ऑर्डरवर.

म्हणून एकच मागणी. जिल्ह्यातल्या शाळांसाठी क्रीडा साहित्य घेताना पहिली पन्नास धनुष्यं इथल्या सुतारांकडून करून घ्या. तुमच्या ओळखीत बांबूत किंवा शिंगात काम करणारं कुणी असेल, तर त्यांना विचारून कमेंटमध्ये सांगा. बोलायला मी स्वतः येतो.

#सोलापूर #तिरंदाजी