दसऱ्याचा पुस्तक-बाजार

मुलांनो, दसऱ्याला तुमच्या घरी काय खरेदी होते? कुणाकडे नवे कपडे, कुणाकडे सायकल, कुणाकडे नुसतीच झेंडूची फुलं नि आपट्याची पानं. आमच्या केळापूर तालुक्यातली काही घरं मात्र या दिवशी पुस्तकं घेतात. तीही गावात नाही, चांगलं दीडशे किलोमीटर लांब जाऊन!

केळापूर हे यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं. तालुक्याला नाव केळापूरचं, पण तहसील कचेरी, बसस्थानक, बाजार सगळं शेजारच्या पांढरकवड्याला. केळापूरची ओळख म्हणजे जगदंबेचं देऊळ. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा चार भाषा एकाच रांगेत ऐकू येतात. यात्रेत पाळणे असतात, बांगड्या असतात, गरम जिलेबी असते. गोष्टींची पुस्तकं मात्र शोधावी लागतात. एरवीसुद्धा दुकानात वह्या, पाठ्यपुस्तकं, गाइडं हवी तेवढी मिळतील. गोष्टीचं पुस्तक मागितलं, की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग वरच्या फळीकडे.

पण याच रस्त्याने उत्तरेला निघालं, तर नवरात्र संपता संपता पुस्तकांचा एक मोठा बाजार लागतो. तो भरतो नागपूरला, दीक्षाभूमीवर.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वर्षी तो दिवस दसऱ्याचा होता. म्हणून दरवर्षी अशोक विजयादशमीला इथे गावोगावची माणसं जमतात. कपाळाला माती लावतात, स्तूपाला वंदन करतात आणि परत फिरताना पुस्तकं घेतात. प्रसाद घ्यावा तशी!

पांढरकवड्याहून एसटीत बसलं की करंजी, वडकी मागे पडतात. दोन्हीकडे कपाशी. दसऱ्याच्या सुमाराला बोंडं फुटू लागलेली असतात. वर्धा नदीचा पूल ओलांडला की आपला जिल्हा संपला. पुढे हिंगणघाट, जांब, बुटीबोरी. गाडीत पाय ठेवायला जागा नसते, पण गप्पांना तोटा नसतो. नागपुरात शिरलं, की रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी भोजनदानाचे मंडप दिसतात. ‘या भाऊ, बसा, जेवून घ्या,’ म्हणून अनोळखी माणसं हाक मारतात.

आणि मग दुकानं! ताडपत्रीखाली फळ्यांवर, कुठे जमिनीवर चादर अंथरून पुस्तकं मांडलेली. बुद्धांची, जोतीराव-सावित्रीबाईंची, बाबासाहेबांची चरित्रं, अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’, मुलांसाठी चित्रांची पुस्तकं. पातळ पुस्तिका दहा-वीस रुपयांना मिळते. बाबासाहेबांच्या लेखनाचे जाडजूड खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून छापायला घेतले, ते जिथे मिळतात तिथे रांग. एकदा एक आजोबा असा खंड काखेत घेऊन उभे होते. मी म्हटलं, ‘आजोबा, एवढं वाचता?’ तर हसून म्हणाले, ‘मी नाही गा, नात वाचते. मी आयकतो.’

या बाजाराचं आणि पुस्तकाचं नातं फार जुनं आहे. बाबासाहेब शाळेत असताना एक परीक्षा पास झाले, म्हणून वस्तीने त्यांचं कौतुक केलं. त्या समारंभात कृष्णाजी अर्जुन केळुसकर या गुरुजींनी आपण स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भीमरावांच्या हाती ठेवलं. ते पुस्तक मनाला फार भिडलं, असं बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. तोच मुलगा मोठेपणी दीक्षाभूमीवर उभा राहिला! त्यांचा स्वतःचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली आला. आज त्याचा मराठी अनुवाद इथल्या दुकानांत मांडलेला असतो.

पुस्तकांना पैसे तेव्हाही सहज मिळत नसत. वडील रामजी सुभेदार लेकींचे दागिने मागून आणत, गहाण ठेवत, पुस्तक घेत आणि पेन्शन आलं की दागिने सोडवत. बाबासाहेबांनी पुढे दादरला ‘राजगृह’ बांधलं, त्यात पुस्तकांसाठी मोठी जागा ठेवली, ती काय उगीच?

आमच्याकडे हिशेब कापसात होतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. किलोला दहा रुपये धरले, तर ऐंशी रुपयांचं पुस्तक म्हणजे आठ किलो कापूस. आठ किलो वेचायला किती वेळ वाकावं लागतं, ते आमच्या पोरांना विचारा. त्यांनी आईला रोज बघितलेलं असतं. त्यामुळे ती पुस्तक निवडताना घाई करत नाहीत. तुम्हीही करू नका. मुखपृष्ठावर भाळू नका. पहिलं पान उभ्या उभ्या वाचा. दुसरं पान उलटावंसं वाटलं तरच किंमत विचारा. मग शिवण ओढून बघा, मधलं एखादं पान कोरं तर नाही ना, तेही चाळा. उशिरा संध्याकाळी काही दुकानदार भाव उतरवतात, कारण गठ्ठे परत न्यायचा त्यांनाही कंटाळा असतो. पण तोवर चांगली पुस्तकं गेलेली असतात, हे माझं मत.

गेल्या खेपेला चौथीतली एक मुलगी आईवडलांसोबत आली होती. तिने तीन दुकानं फिरून सावित्रीबाईंचं चित्रमय चरित्र निवडलं, चाळीस रुपयांचं. नोटा स्वतः मोजून दिल्या. मग हळूच मला विचारते, ‘सर, हे माहंच राहीन नं? शाळेत जमा तं नाही करा लागत?’

‘नाही करावं लागत,’ मी म्हटलं.

तिने तिथेच माझं पेन मागितलं आणि पहिल्या पानावर नाव लिहिलं. नावाखाली इयत्ता, त्याखाली गाव, आणि जागा उरली होती म्हणून तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळसुद्धा.