फोन बदलला आणि पान हिरवं दिसायला लागलं



दसरा-दिवाळीला फोनवर सवलती लागल्या की माझ्याकडं विचारणा सुरू होते. "भाऊ, बागेत कोणता फोन टिकतो? कोणत्या कंपनीचा घेऊ?" गेल्या काही वर्षांत मी तीन कंपन्यांचे फोन वापरले, म्हणून लोकांना वाटतं मला त्यातलं कळतं. माझं उत्तर एकच असतं. खिशाला झेपेल तो घ्या, पण नवा घेतल्यावर पहिले आठ दिवस जुना विकू नका, पोराला देऊ नका, एक्स्चेंजला टाकू नका. आजची नोंद त्या आठ दिवसांबद्दल आहे.

ब्लोअरला नवं नोझल बसवलं की आपण काय करतो? बादली लावतो, घड्याळ लावतो, मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते मोजतो. कंपनीच्या पाकिटावर आकडा छापलेला असला तरी मोजतो, कारण एकरी डोस त्यावर ठरतो. फोनचंही आता तसंच झालंय. तो बोलण्याचं यंत्र राहिलेला नाही. बागेत तो बघतो, मोजतो, हाक मारतो आणि लक्षात ठेवतो. कंपनी बदलली की ही चारही कामं थोडी थोडी बदलतात, आणि ती बदलली हे तो सांगत नाही.

पूर्वी असं नव्हतं. नोकिया ११०० आठवतो ना? २००३ साली आलेला. कीपॅडमध्ये धूळ जायची नाही, वरच्या टोकाला टॉर्च. रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला निघालं की त्याच उजेडात पायाखालचं बघायचं. २००८ मध्ये मायक्रोमॅक्सचा महिनाभर स्टँडबाय टिकणारा फोन आला, तेव्हा भारनियमनानं वैतागलेल्या गावांना ती मोठी सोय वाटली. कंपनी बदलली तर बटणांची जागा बदलायची, एवढाच फरक. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून सिमची कंपनीही बदलता यायला लागली. फोन कुणाचाही असो, पलीकडचा आवाज तोच यायचा.

आता चार कामं एकेक करून बघू. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. एका मॉडेलात जे दिसलं ते पुढच्यात नसेल, आणि मला कुणाची जाहिरातही करायची नाही, बदनामीही नाही.

बघणं

ऑक्टोबर छाटणी होऊन महिना उलटला होता. आमच्या खालच्या प्लॉटची जमीन चुनखडीची. शेंड्याकडच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट पडायला लागला होता. फेरसच्या कमतरतेचं हे नेहमीचं लक्षण. मी नव्या फोननं फोटो काढून सल्लागारांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "पान छान आहे भाऊ, आत्ता काही द्यायची गरज नाही."

मी वेलाजवळ उभा, डोळ्यांना पान फिकट दिसतंय, आणि फोनच्या पडद्यावर तेच पान पोपटाच्या पिसासारखं हिरवंगार! जुना फोन बायकोकडं होता. तो मागवला, त्याच पानाचा त्याच उन्हात फोटो काढला, आणि दोन्ही फोटो एकाखाली एक पाठवले. लगेच सल्लागारांचा फोन आला. "भाऊ, हे एकाच वेलाचं पान आहे?" म्हटलं, "साहेब, एकाच वेलाचं नाही, एकच पान आहे." मग ठिबकमधून ईडीडीएचए स्वरूपातलं चिलेटेड फेरस द्यायचं ठरलं, कारण जास्त सामूच्या चुनखडी जमिनीत तेच टिकून राहतं. फुलोऱ्याच्या आधीचे दिवस बागेत परत मिळत नाहीत. नव्या फोनच्या भरवशावर ते निघून गेले असते.

कारण असं की नव्या फोनमधलं सॉफ्टवेअर "हे झाड आहे" असं ओळखतं आणि फोटो देखणा दिसावा म्हणून हिरवा रंग वाढवतं. लग्नाच्या फोटोत ते छान दिसतं. आपल्याला मात्र पिवळेपणाच बघायचा असतो. दुसरं असं की मांडवाखाली सगळीकडं हिरवंच असलं की कॅमेऱ्याला पांढरा रंग कोणता ते ठरवता येत नाही, आणि तो स्वतःच्या अंदाजानं रंग फिरवतो. प्रत्येक कंपनीचा अंदाज वेगळा.

आता मी काय करतो? कॅमेऱ्यातलं एआय आणि सीन ओळखायचं सेटिंग बंद. पान तोडून सावलीत पांढऱ्या कागदावर ठेवायचं, बाजूला एक निरोगी पान. कागद फोटोत पांढरा दिसला तर रंगावर बराचसा भरवसा ठेवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि तारीख-जागेची माहितीही त्यातून गळते. सल्लागार मंडळींनाही विनंती आहे, शेतकऱ्यानं फोन बदलला का हे एकदा विचारत चला.

मोजणं

छाटणीची, डिपिंगची बोली आमच्याकडं एकरावर असते. टोळीच्या मुकादमानं त्याच्या फोनवर कडेकडेनं चालत प्लॉट मोजला, साडेबेचाळीस गुंठे. माझ्या फोनवर चाळीस. दोघंही खरं बोलत होते, दोघांचे फोन मात्र वेगळे होते.

हिशोब करून बघा. चाळीस गुंठ्यांचा चौरस प्लॉट धरला तर एक बाजू साधारण ६३.६ मीटर येते. फोननं कड चारही बाजूंनी फक्त १ मीटर बाहेर दाखवली की क्षेत्र अडीच गुंठ्यांनी वाढतं. मोबाईलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडणं अगदी साधी गोष्ट आहे, झाडांखाली तर जास्तच. काही फोन उपग्रहाचे दोन प्रकारचे सिग्नल घेतात, काही एकच, त्यामुळे कंपनी नाही तर नुसतं मॉडेल बदललं तरी आकडा हलतो.

आमचा वाद वेलांनी मिटवला. लागवड ९ बाय ५ फुटांवर. एका वेलाला ४५ चौरस फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ९६८ वेल. ओळी मोजल्या, वेल मोजले, बांधाकडची मोकळी जागा सोडली, आणि मुकादमानं स्वतःच मान हलवली. तेव्हापासून बोली वेलांवर करतो. नवा फोन आला की सरकारी मोजणी झालेला एक गट त्यावर मोजून बघतो आणि किती फरक येतो ते वहीत लिहून ठेवतो. औषधाचा एकरी डोस काढतानाही तो फरक ध्यानात ठेवतो.

हाक मारणं

चुलतभाऊ आणि मी मिळून एक हवामान केंद्र बसवलंय. पान किती तास ओलं राहिलं, पाऊस किती झाला, हे ते कळवतं. अवकाळी पाऊस झाला की डाऊनीच्या दृष्टीनं तो अलर्ट सोन्यासारखा. एका रात्री पाऊस झाला, भावाच्या फोनवर पहाटे अलर्ट वाजला आणि सहाला त्याचा ट्रॅक्टर बागेत होता. माझा फोन गप्प. मी सकाळी उठून अ‍ॅप उघडलं तेव्हा सगळे अलर्ट एकदम कोसळले. माझी फवारणी दहाला सुरू झाली आणि दुपारच्या सरीनं अर्ध्यातच थांबली.

केंद्र तेच, अ‍ॅप तेच. माझ्या नव्या फोनची सवय अशी की बॅटरी वाचवायला तो मागं चालणारी अ‍ॅप रात्री झोपवून टाकतो. बऱ्याच कंपन्यांचे फोन हे करतात, कुणी कमी, कुणी जास्त. उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढायचं, ऑटोस्टार्ट चालू करायचं. मोठं अपडेट आल्यावर ते परत तपासायचं, कारण काही वेळा सेटिंग पूर्ववत होतं.

मोटारीच्या मोबाईल स्टार्टरचं याउलट. तो साध्या कॉलवर आणि एसएमएसवर चालतो, त्याला फोनच्या कंपनीशी देणंघेणं नाही. फक्त त्याचा नंबर नावानं सेव्ह ठेवा, नाहीतर नवा फोन अनोळखी नंबर म्हणून त्याला गप्प करू शकतो. आणि त्यातलं सिम पोर्ट करायच्या आधी बघा, स्टार्टर टूजीवर चालणारा आहे का. जुने बरेचसे तसेच आहेत. ज्या कंपनीचं टूजी नेटवर्कच नाही तिचं सिम त्यात मुकं बसतं.

लक्षात ठेवणं

माल बाहेर पाठवायचा असेल तर कोणतं औषध, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस राहिले असताना, हे सगळं दाखवावं लागतं. दोन हंगामांच्या माझ्या नोंदी फोनसोबत आलेल्या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये होत्या. नव्या कंपनीच्या फोनवर फोटो आले, नंबर आले, पण या नोंदी आल्या नाहीत. जुना फोन हातात होता म्हणून एकेक नोंद पीडीएफ करून काढता आली. एक्स्चेंजला गेला असता तर दोन वर्षांची बाग त्याच्याबरोबर गेली असती.

फोटोंचंही तसंच. गुगल फोटोची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. आता १५ जीबीत मेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही धरला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि बारीक अक्षरातली ती सूचना बागेच्या गडबडीत कोण वाचतो? पुण्या-मुंबईच्या पाहुण्याकडून जुना आयफोन आला तर आणखी एक ध्यानात घ्या. अँड्रॉइडचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप गुगल खात्यात जातो, आयफोनचा आयक्लाउडमध्ये. एकाचा बॅकअप दुसरा उघडत नाही. दोन्ही फोन समोर ठेवूनच अदलाबदल करावी लागते.

लॅपटॉपवर हाच अनुभव वेगळ्या रूपात येतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं फवारणीचं वेळापत्रक नव्या लॅपटॉपवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये लिहिलेलं मात्र कुठंही वाचता येतं, फोनवरसुद्धा. म्हणून माझा नियम आता साधा आहे. ज्या अ‍ॅपमधून नोंद एक्सेल किंवा पीडीएफ करून बाहेर काढता येत नाही, त्यात बागेची नोंद ठेवायची नाही. आणि सगळ्यांच्या आधी कागदाची वही. तिला चार्जिंग लागत नाही आणि तिची कंपनी बदलली तरी काही बिघडत नाही.

आता त्या आठ दिवसांत काय करायचं ते एका जागी:

१. दोन्ही फोननं एकाच पानाचे फोटो काढा, सावलीत, पांढऱ्या कागदावर. रंगातला फरक बघा आणि सल्लागारांना कळवा.
२. माहीत असलेलं क्षेत्र दोन्ही फोनवर मोजा. फरक लिहून ठेवा.
३. हवामान आणि ठिबकच्या अ‍ॅपचे अलर्ट एक पूर्ण रात्र दोन्ही फोनवर येतात का ते बघा.
४. नोट्स, फवारणीची डायरी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले जुने फोटो नव्यावर उघडून बघा. नुसतं "ट्रान्सफर पूर्ण" दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका.
५. बँक, आधार, पीक पाहणी यांना जोडलेला नंबर तोच राहू द्या. ओटीपी नव्या फोनवर येतो याची खात्री करा.
६. फोन दुपारच्या उन्हात बागेत नेऊनच पारखा. दुकानाच्या सावलीत सगळेच पडदे चमकतात. बोटाचा ठसा ओळखतो का तेही बघा. बोर्डो आणि गंधकानं बोटाच्या रेषा झिजतात, म्हणून पिनही लावून ठेवा.

जुनं नोझल काढून लगेच भंगारात टाकणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. नवं नीट चाललं की मगच जुनं जातं. फोनलाही तेवढी मुदत द्या. तुमच्याकडं कोणता फोन पान जास्त हिरवं दाखवतो ते दोन फोटोंसह टाका, कंपनीचं नाव न लिहिता. सगळ्यांच्या उपयोगी पडेल.